नळी क्रमांक चौदा

माझ्या साडूला सगळेजण वॉशर म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. शर्टाच्या खिशात, पँटच्या खिशात, चष्म्याच्या डबीत, जिथे हात घालाल तिथे रबराचे वॉशर. ताई, म्हणजे त्याची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, कपडे धुवायला टाकण्याआधी सगळे खिसे उलटे करतात आणि निघतील तेवढे वॉशर खिडकीतल्या बरणीत टाकतात. ती बरणी कधी भरत नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी हा गृहस्थ तिच्यातूनच मूठभर काढून खिशात घालतो आणि कामावर जातो.

काम म्हणजे इस्पितळातलं प्लंबिंग. पाच मजले, शेकडो नळ, गरम पाण्याची वेगळी लाइन, आणि एकतीस वर्षं हाच एक माणूस. डॉक्टर बदलले, वॉशर बदलला नाही. त्याचं आयुष्यात एकच तत्त्वज्ञान आहे: नळी आखूड हवी आणि सरळ हवी. पाण्याला वळणं आवडत नाहीत, हे तो इतक्या खात्रीनं सांगतो की पाणी स्वतः येऊन त्याच्यापाशी तक्रार करून गेलंय असं वाटावं. आम्ही नवीन घरात राहायला गेलो तेव्हा बाकीचे पाहुणे हॉल बघत होते, खिडकीतून काय दिसतं ते बघत होते. वॉशर न्हाणीघरात शिरला तो पाऊण तासानं बाहेर आला आणि म्हणाला, "अकरा वळणं आहेत. तिनात भागलं असतं." पुढच्या रविवारी त्यानं ती तिनात भागवली. दोन दिवस आम्ही शेजाऱ्यांकडे आंघोळ केली. पण खोटं कशाला बोलू, तेव्हापासून आमच्याकडे पाणी असं येतं की बादली धरून ठेवावी लागते.

असा माणूस मोटारीच्या नादी लागला, हे आम्हा सगळ्यांचं दुर्दैव.

गाडी लहानशी, दोन दारांची, आम्ही तरुण होतो तेव्हाची. तिचं मूळचं इंजिन पाच वर्षांपूर्वी गतप्राण झालं. शहाणा माणूस तिथेच हात जोडून मोकळा झाला असता. वॉशरनं इस्पितळाच्या भंगारात निघालेल्या एका व्हॅनचं इंजिन मिळवलं आणि ते हिच्यात बसवलं. बसवलं म्हणजे कोंबलं. ते एवढं मोठं होतं की बॉनेट लागेना. मग त्यानं बॉनेटला मधोमध भोक पाडलं, त्यावर स्टीलचं एक जुनं सिंक उपडं घातलं आणि रिव्हेट मारले. सिंकच्या तळाचं भोक तसंच ठेवलं. त्यातून म्हणे गरमी बाहेर जाते. रस्त्यात लोक थांबून बघायचे आणि वॉशरला वाटायचं की कौतुकानं बघतायत.

खरा घोळ होता तो नळ्यांचा. इंजिन तापतं, म्हणून त्याच्या पोटातून पाणी फिरवायचं. ते पुढे रेडिएटरमध्ये जाऊन थंड व्हायचं आणि परत इंजिनात यायचं. एवढी साधी गोष्ट. त्या पाण्यात हिरवं कूलंट घातलेलं असतं, पण वॉशर त्याला पाणीच म्हणतो, म्हणून मीही म्हणणार. व्हॅनमध्ये इंजिन सीटखाली, रेडिएटर पार पुढे, एक हीटर पुढच्या माणसांना, एक मागच्यांना. त्यामुळे नळ्या लांबच लांब. वॉशरनं इंजिनाबरोबर हे सगळं लटांबर जसंच्या तसं उचलून आणलं होतं. सतरा रबरी नळ्या आणि चौतीस क्लिपा, एवढ्याशा जागेत एकमेकींच्या गळ्यात गळे घालून. त्यातली एक तरी कुठेतरी गळायचीच. वॉशर कुणाकडे येऊन गेला हे दारातल्या हिरव्या डबक्यावरून कळायचं. माझ्या बायकोनं तर गाडीखाली सरकवायला एक जुना टबच काढून ठेवला होता.

मग ताईंचा हुकूम आला.

ताई शाळेत गणित शिकवतात, सव्वीस वर्षं झाली. आता त्यांना मुख्याध्यापिका केलं होतं, चार तासांवरच्या, डोंगरातल्या एका गावात. हुकमात लिहिलं होतं की अमुक तारखेला सकाळी अकराच्या आत हजर होऊन सही करावी, अन्यथा यादीतल्या पुढच्या नावाचा विचार केला जाईल. यादीतल्या पुढच्या बाई कोण, हे ताईंना ठाऊक होतं. त्या बाई आदल्या दिवशीच तिथे जाऊन लॉजवर उतरणार होत्या. सहज, हवापालट म्हणून.

हा हुकूम पहिला नव्हता. तिसरा होता. पहिला आला तेव्हा वॉशरची आई अंथरुणाला खिळलेली होती, आणि ताई म्हणाल्या, राहू दे. दुसरा आला तेव्हा इस्पितळाची नवी इमारत उभी राहत होती. वॉशर म्हणाला, एवढं एक वर्ष थांब, पाइपलाइन पुरी झाली की आपण जाऊ. ताई थांबल्या. पाइपलाइन पुरी झाली, वर्ष गेलं, त्यावर आणखी नऊ वर्षं गेली. त्यावर ताई कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर वॉशरला सोपं गेलं असतं. गळणारी कुठलीही गोष्ट तो दुरुस्त करू शकतो, पण काही न बोलणाऱ्या बायकोपुढे त्याचा पाना चालत नाही.

पुढच्या वर्षी तो निवृत्त होऊन तिकडेच जाणार होता. तोवर ताईंनी एकटीनं राहायचं ठरलं. "मी बसनं जाईन, सामान नंतर आणा," त्या म्हणाल्या.

"बस कशाला?" वॉशर म्हणाला. "मी सोडतो. माझ्या गाडीनं."

आम्ही जेवणाच्या टेबलावर होतो. माझी बायको माझ्याकडे बघायला लागली. ताईंनी क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं." त्याला बायकोला स्वतःच्या हातानं त्या खुर्चीपर्यंत न्यायचं होतं. तसं तो बोलला नाही, पण आम्हाला ते कळलं, आणि म्हणून कुणी त्याला वेड्यात काढलं नाही. काढायला हवं होतं.

हातात तीन आठवडे होते. पहिल्याच रविवारी सकाळी त्याचा फोन आला. "लायब्ररी, ये. नळ्या कमी करायच्यात."

मी वाचनालयात काम करतो म्हणून तो मला लायब्ररी म्हणतो. माझं काम पुस्तकांना क्रमांक देणं, त्यांची नोंद ठेवणं, आणि लोकांनी ती भलत्या कपाटात कोंबली की ओरडणं. मी पोचलो तेव्हा हा हातात पक्कड घेऊन दिसेल ती नळी उपसायच्या बेतात होता. माझं डोकंच फिरलं.

"थांब! आधी क्रमांक घालू."

"नळ्यांना?"

"नळ्यांना. कुठून निघते, कुठे जाते, जाडी किती, सगळं लिहून ठेवतो. उद्या परत जोडायची वेळ आली तर?"

"परत जोडायच्याच नाहीयेत. जोडत बसतात ते मेकॅनिक. मी प्लंबर आहे."

मेकॅनिक लोकांबद्दल त्याचं मत फार वाईट. त्यांना लोखंड कळतं, पाणी कळत नाही, असं तो म्हणतो. त्याच्या गल्लीच्या तोंडाशीच एक चांगला मेकॅनिक आहे. त्याला एकदा दाखवू या का, असं मी नुसतं म्हणालो, तर मी त्याच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केल्यासारखं त्यानं माझ्याकडे बघितलं. पण क्रमांकांना परवानगी दिली. मी पुठ्ठ्याचे सतरा तुकडे कापले, दोऱ्यानं नळ्यांना बांधले आणि वहीत सतरा नोंदी केल्या. अक्षर सुरेख आलं आहे. मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

मग काढाकाढी सुरू झाली. मागच्या हीटरच्या नळ्या गेल्या. ते ठीकच होतं; ह्या गाडीत मागचा हीटरच नव्हता, पाच वर्षं पाणी तिकडे नुसतं फेरफटका मारून परत येत होतं. मग त्यानं पुढच्या हीटरला हात घातला.

"ताईंच्या त्या गावात थंडी असते," मी म्हणालो.

"स्वेटर असतो," तो म्हणाला.

हीटर गेला. मग कशाकशाला ऊब देणाऱ्या बारीकसारीक नळ्या गेल्या. उघड्या पडलेल्या तोंडांना त्यानं पितळी बुचं मारली. दुपारच्या चहाला तो क्रमांक चौदापाशी आला. करंगळीएवढी नळी, इंजिनाच्या अगदी माथ्यावरून निघून बाजूच्या प्लास्टिकच्या डब्याकडे जाणारी.

"ही कशासाठी असेल?" मी विचारलं.

त्यानं ती काढली, तोंडाला लावली आणि फुंकली. "कोरडी आहे बघ. पाणी जातच नाही हिच्यातून."

"मग काय जातं?"

"काही नाही. म्हणून तर काढतोय."

मी वहीत लिहिलं: क्रमांक चौदा. इंजिनाचा माथा ते डबा. जाडी करंगळीएवढी. शेरा, काढली. कारण, पाणी जात नाही.

संध्याकाळपर्यंत सतराच्या चार झाल्या. त्यातली मुख्य नळी तर रबरी राहिलीच नाही. इस्पितळात गरम पाण्याला वापरतात तसली तांब्याची नळी कापून, झाळून, त्यानं ती इंजिनाच्या डोक्यावरून थेट रेडिएटरपर्यंत नेली. मध्ये इंजिन उंच होतं, म्हणून तिला तेवढ्यापुरता उंचवटा द्यावा लागला. मग घासूनपुसून अशी चकचकीत केली की तिच्यात तोंड बघून दाढी करावी. ताईंना हाक मारून त्यानं ती दाखवली. ताई हात पुसत आल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"छान दिसते. आता गळणार नाही ना?"

"आठ क्लिपा राहिल्यात फक्त. गळायला जागा कुठे आहे?"

आणि नाही गळली. हे मला मान्य करावंच लागेल. पुढचे दोन आठवडे तो रोज संध्याकाळी गावभर गाडी हिंडवत होता आणि तापमानाचा काटा जागचा हलत नव्हता. आमच्या दाराशी ठेवलेला टब कोरडा ठणठणीत राहिला. माझी बायको म्हणाली, "कमाल आहे हं." वॉशरनं त्या टबाकडे बघून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. मीही मनातल्या मनात त्याची माफी मागितली, जी मी आता परत घेतो.

ठरलेल्या दिवशी सकाळी सहाला निघालो. मागच्या सीटवर मी, एक ट्रंक, दोन बॅगा, पुस्तकांचे तीन खोके आणि उशीत गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ. मी बरोबर का, तर एक शहाणं माणूस सोबत असू दे, असं ताई म्हणाल्या होत्या. ते ऐकून मी तीन दिवस खूष होतो. मग कळलं की त्या माझ्या बायकोबद्दल म्हणाल्या होत्या आणि तिला रजा मिळाली नाही.

ताई पुढे बसल्या होत्या. इस्त्रीचे नवे कपडे, मांडीवर पर्स, पर्समध्ये हुकूम, आणि दर अर्ध्या तासानं पर्स उघडून हुकूम आहे ना ते बघणं. पहिले दोन तास रस्ता सपाट होता. वॉशर शीळ घालत होता. त्याला शीळ येत नाही, नुसती हवा येते, पण त्या दिवशी ऐकायला बरं वाटत होतं.

आठच्या सुमाराला चढ लागला.

"अहो, हा काटा हलतोय का?" ताईंनी विचारलं. गणिताच्या बाई; त्यांना आकडे आधी दिसतात.

"हलू दे थोडा. चढ आहे."

काटा थोडा हलला. मग आणखी थोडा हलला. मग लाल पट्टीत जाऊन ठाण मांडून बसला, आणि सिंकच्या भोकातून वाफेचा एक सरळसोट खांब वर निघाला.

वॉशरनं गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि गुडघ्यांवर बसून गळती शोधायला लागला. वीस मिनिटं शोधली. गळतच नव्हतं. गळत असतं तर त्याला कळलं असतं. इंजिनाजवळ हात नेववत नव्हता आणि पुढचा रेडिएटर मात्र चक्क गार होता.

"हे शक्यच नाही," तो म्हणाला. नंतर आणखी चार वेळा म्हणाला.

इंजिन थंड होईपर्यंत थांबलो, पाणी घातलं, निघालो. सहा किलोमीटर गेलो आणि परत तेच. सव्वानऊ वाजले होते. चाळीस किलोमीटर उरले होते. ताईंनी एकदा घड्याळाकडे, एकदा रस्त्याकडे बघितलं.

"सहा किलोमीटरला एक तास धरला, तर चाळीसला सहा तास चाळीस मिनिटं," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे पोचायला चारला पाच कमी."

मला ह्या शांतपणाचा भयंकर राग आला. अकरा वाजता तिकडे खुर्ची हातची जाणार होती आणि ह्या मिनिटं मोजत होत्या. तेवढ्यात एक ट्रक थांबला. ट्रकवाल्यानं खाली उतरून आत डोकावून बघितलं आणि मोठ्या आपुलकीनं सल्ला दिला.

"हीटर फुल करा. इंजिनाची गरमी आत येते, घाम फुटतो, पण चढ निघून जातो."

"हीटर काढलाय," वॉशर म्हणाला.

"बिघडला होता?"

"नाही. चांगला होता."

"मग?"

"नळ्या कमी करायच्या होत्या."

ट्रकवाल्यानं वॉशरकडे बघितलं, सिंककडे बघितलं, माझ्याकडे तर कीव आल्यासारखं बघितलं, आणि पाण्याचा एक कॅन खाली ठेवून निघून गेला.

आता माझा संयम सुटला. मी बॅगेतून वही काढली. हो, मी ती बरोबर घेतली होती. मी असाच आहे. रस्त्याच्या कडेला उभा राहून मी आरोपपत्र वाचावं तसा एकेक क्रमांक मोठ्यानं वाचायला लागलो. "क्रमांक नऊ. पुढचा हीटर. काढली. कारण, स्वेटर असतो. क्रमांक बारा. काढली. कारण, कशाला हवी. क्रमांक चौदा. इंजिनाचा माथा ते डबा. काढली. कारण, पाणी जात नाही."

"काय म्हणालास?" वॉशर म्हणाला.

"पाणी जात नाही!"

"त्याच्या आधी."

"इंजिनाचा माथा ते डबा."

वॉशर हळूच मडगार्डवर टेकला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "हवा," तो म्हणाला. "ती हवेची नळी होती रे."

सांगायला हवं की इस्पितळात प्रत्येक लाइनीच्या माथ्यावर हवा बाहेर जायला वाट ठेवतात, आणि ती ठेवली नाही म्हणून ह्या माणसानं हाताखालच्या लोकांना एकतीस वर्षं फाडून खाल्लं आहे. नळीच्या उंचवट्यात हवा अडकली की पाणी पुढे सरकत नाही, हे त्यानं बॉयलरच्या खोलीत भिंतीवर रंगानं लिहून ठेवलं आहे. आता त्याच्याच चकचकीत तांब्याच्या नळीच्या उंचवट्यात हवा अडकली होती. तापलेलं पाणी इंजिनात, गार पाणी रेडिएटरमध्ये, आणि मधली वाट बंद. गावात सपाटीवर हिंडताना इंजिन तापलंच नाही, म्हणून कळलं नाही. मी एक जहाल भाषण तयार ठेवलं होतं, ते गिळलं. त्या चेहऱ्यापुढे ते करवेना.

इंजिन जरा निवल्यावर त्यानं माथ्यावरची क्लिप सैल केली. फुस्स करून हवा गेली. कॅनमधलं पाणी घातलं, क्लिप आवळली. रेडिएटर गरम व्हायला लागला. "आता जाईल," तो म्हणाला. "पण चढावर पुन्हा हवा धरेल. मध्ये मध्ये सोडावी लागेल."

"किती वेळा?" मी विचारलं.

त्यानं क्लिप पुन्हा एकदा आवळून बघितली. खालच्या वळणावरून बसचा आवाज येत होता. ताईंच्या गावाला जाणारी हीच सकाळची बस. पावणेअकराच्या आसपास ती तिथे पोचते.

ताईंनीही आवाज ऐकला होता. त्यांनी वॉशरकडे बघितलं. कोपरापर्यंत काळे हात, चष्म्यावर वाफ, हातात पाना. "झालंच ना आता?" त्या म्हणाल्या. "मी थांबते. आपण बरोबरच जाऊ."

मला ओरडावंसं वाटलं, पण ते माझं काम नव्हतं. आणि मी शपथेवर सांगतो, वॉशरच्या ओठांवर 'हो' आलेला मला दिसला. तो नेहमीचा 'हो'. तीन आठवडे त्यानं हा दिवस मनात घोळवला होता, आणि ताईंनी तो त्याला देऊन टाकला होता. त्यानं फक्त मान हलवायची होती.

त्यानं पाना खाली टाकला, धावत रस्त्याच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. बस करकचून थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून त्याची जी काही पूजा बांधली ती मी इथे लिहीत नाही. वॉशरनं ताईंचा दंड धरला आणि त्यांना दारापाशी आणलं.

"चढ."

"अहो, पण तुम्ही..."

"चढ म्हणतो ना! आईसाठी थांबलीस, इमारतीसाठी थांबलीस, आता ह्या डबड्यासाठी थांबणार? बास झालं तुझं थांबणं! जा!"

अख्खी बस ऐकत होती. मागच्या सीटवरच्या एक आजीबाई म्हणाल्या, "बसा हो बाई, एवढं म्हणतायत तर." कंडक्टर म्हणाला, "आधी चढा, मग भांडा, मला वेळेत पोचायचंय." ताई चढल्या. नव्या कोऱ्या बाहीवर वॉशरची पाच काळी बोटं उमटली होती. बस सुटता सुटता खिडकीतून त्यांचं डोकं बाहेर आलं. मला वाटलं आता काहीतरी हृदयद्रावक बोलणार.

"पिशवीत डबा आहे! दोघं खाऊन घ्या!"

बस वळणाआड गेली. वॉशर रस्त्याच्या कडेला दगडावर बसला.

"मी ओरडलो तिच्यावर," तो म्हणाला.

"ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं."

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा." त्यानं डोळे पुसायला हात वर केला आणि सगळं काळं तोंडाला फासून घेतलं. मी सकाळपासून त्याच्यावर धुमसत होतो. तिथे त्या दगडाशी मला तो माणूस इतका आवडला की मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि डबा उघडला. दोघांनी खाल्लं.

अकराला आठ कमी असताना ताईंचा फोन आला. त्याचे हात बरबटलेले, म्हणून फोन मीच त्याच्या कानाशी धरला. सही झाली होती. यादीतल्या पुढच्या बाई व्हरांड्यातच बसलेल्या होत्या आणि ताईंचं पेन चालेना तेव्हा त्यांनीच आपलं दिलं. वॉशर नुसता "हो, हो, बरं" म्हणत राहिला आणि फोन बंद झाल्यावरही दोनदा "बरं" म्हणाला.

पुढच्या चढावर आम्ही नऊ वेळा थांबलो. प्रत्येक वेळी क्लिप सैल करायची, हवा जायची, पाणी घालायचं. क्रमांक चौदा नंतर परत आपल्या जागी बसली आणि वहीत लाल शाईनं तशी नोंद झाली, पण ती पुढच्या आठवड्यातली गोष्ट. त्या दिवशी आम्ही शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ताईंचं गणित पंधरा मिनिटांनी चुकलं.

दाराशी शिपाई होता. त्यानं वॉशरला खालपासून वरपर्यंत बघितलं. "नळाचं काम ना? मागच्या बाजूनं या."

"नाही, मॅडमना भेटायचंय."

"मॅडम पालकांशी बोलतायत. मग शिक्षकांची बैठक आहे. वेळ लागेल."

"अहो, हे मॅडमचे यजमान आहेत," मी म्हणालो. "आत जाऊन सांगा की पोचले म्हणून."

शिपाई गडबडला आणि आत जायला वळला. वॉशरनं त्याला थांबवलं. "नका सांगू. तिचं काम चाललंय."

ऑफिसबाहेर एक बाक होता, मुलांच्या उंचीचा. वॉशर त्यावर बसला, गुडघे हनुवटीशी आले. दार अर्धवट उघडं होतं. आतून ताईंचा आवाज येत होता, ठाम, सावकाश, मध्ये कुणाला तरी बोलू देत. घरी आम्ही तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. अर्धा तास गेला. पालक बाहेर आले, शिक्षक आत गेले. माझी पाठ मोडून निघाली होती आणि ट्रंक अजून गाडीतच होती.

"अरे, निदान एकदा डोकाव तरी," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. व्हरांड्याच्या टोकाला पिण्याच्या पाण्याचा एक नळ टपटप गळत होता. वॉशरनं तिकडे बघितलं. तो बाकावरून अर्धा उठला. मग त्यानं दाराकडे बघितलं आणि परत खाली बसला.

"ती बाहेर येईल," तो म्हणाला, "आणि मी जागेवर नसेन. तसं नको."

आम्ही पावणेसहापर्यंत बसून होतो. नळ गळत होता, आणि तो उठला नाही.